स्टूल आधी ठरवा, ग्रॅनाइट नंतर

मागच्या अंकात किचनचे प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीवर आली, ब्रेकफास्ट बार, म्हणजे किचनच्या उघड्या बाजूला बसून खायचा टॉप. कोल्हापुरात आता नवीन फ्लॅट बघायला जाल तिथं ओपन किचन आहेच, त्यामुळं हे होणारच होतं म्हणा. पण गंमत अशी की बहुतेकांनी दगडाचा रंग विचारलाय, लाइट कुठली लावू विचारलंय, पण माणूस बसल्यावर त्याचे गुडघे कुठं जाणार आणि मागून दुसरं माणूस कसं जाणार हे जवळजवळ कुणीच विचारलेलं नाही. मला विचाराल तर सगळा बार त्या दोन गोष्टींवरच चालतो नाहीतर पडून राहतो. मापं सगळी इंचात देतेय, आपला मिस्त्री इंचातच बोलतो.

प्रश्न : ताई, आम्ही कळंब्याला टू बीएचके घेतलाय. किचन १० बाय ८, हॉलकडची १० फुटाची बाजू बिल्डरनं उघडीच ठेवलीय. ओटा एल आकाराचा, ३३ इंच उंच. इंटिरियरवाल्यानं थ्रीडीत ४२ इंच उंचीचा बार दाखवलाय, खाली कपाट, वर तीन लटकते लाइट, समोर तीन उंच स्टूल. दिसायला एक नंबर आहे. घरात आम्ही दोघं, मुलगी सहावीत, मुलगा बालवाडीत आणि सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. स्कूल बस पावणेसातला येते, सकाळी नुसती पळापळ. करू का हा बार? (एक वाचक, कळंबा)

ताई, थ्रीडीत माणसं नसतात हा त्याचा मोठा प्रॉब्लेम. ४२ इंचाच्या बारला स्टूलची बैठक येते ३० ते ३२ इंचावर, म्हणजे जेवायच्या टेबलाची जी उंची असते तिथं माणूस चढवून बसवायचं. तुमच्या सासूबाई तिथं एकदाही बसणार नाहीत, आणि बालवाडीतला मुलगा मात्र दिवसातून दहा वेळा चढेल आणि तुमचं लक्ष दुधावर असताना मागं झुकेल. म्हणजे पाचातली दोन माणसं पहिल्याच दिवशी बाद. त्या बारवर शेवटी काय बसतं सांगू का, भाजीच्या पिशव्या, लाइट बिल आणि चार्जिंगला लावलेले मोबाईल.

उंचीचा हिशेब अवघड नाहीये. बैठक आणि वरचा टॉप यांच्यात १० ते १२ इंच फरक पाहिजे, तेवढ्यात मांड्या आरामात जातात आणि हात पण अवघडत नाहीत. टॉप ३० इंचावर असेल तर साधी १८ इंचाची खुर्ची चालते, ३६ ला असेल तर २४ ते २६ ची बैठक, ४२ ला ३० ते ३२. आता तुमचा ओटा ३३ चा आहे, आपल्याकडं बहुतेक ओटे ३२ ते ३४ च असतात कारण घरातल्या बाईची उंची आणि उभ्यानं पोळ्या लाटणं त्यावर ते ठरलेलं असतं, आणि बार ओट्याच्याच लेव्हलला घ्यायचा म्हटला तर बैठक २२ च्या आसपास पाहिजे. इथं लोक फसतात. दुकानातली, ऑनलाइन मिळणारी स्टुलं बहुतेक ३६ नाहीतर ४२ च्या काउंटरसाठी केलेली असतात, त्यातलं २६ चं स्टूल ३३ च्या ग्रॅनाइटखाली घातलं की मांडी वर दगडाला घासते आणि मग स्टूल खराब आहे म्हणून लोक दुसरं स्टूल आणतात, ते पण २६ चंच.

माझं स्पष्ट मत, तुम्ही ३० इंचावर घ्या. ओट्यापेक्षा ३ इंच खाली, साध्या खुर्च्या, सासूबाई पण बसतील, मुलगा पण, आणि दुपारी तुम्ही शेंगा फोडायला किंवा मेथी निवडायला तिथंच बसाल. फक्त दोन गोष्टी बघा. एक, ओट्यावर सांडलेलं पाणी खालच्या टॉपवर येऊ नये म्हणून जिथं ओटा संपतो तिथं ग्रॅनाइटची इंचभर उंच पट्टी लावून घ्या. दोन, खुर्चीच्या उंचीवर बसलं की पाय जास्त पुढं जातात, त्यामुळं टॉपखाली १८ इंच मोकळी जागा पाहिजे (३६ च्या टॉपला १५ पुरतात, ४२ ला १२). म्हणजे खाली कपाट विसरा. कपाट हवंच असेल तर ते किचनच्या बाजूनं ५-६ इंच खोलीचं, मसाल्याच्या डब्या आणि चहा-साखर राहील एवढंच.

आता जागा. तुमचं किचन ८ फूट रुंद म्हणजे ९६ इंच, त्यातले २४ ओट्याचे. ओटा आणि बार यांच्यात कमीत कमी ४२ सोडा, दोघी जणी एका वेळी काम करत असाल तर ४८. ४२ धरले तर २४ इंचाचा बार बसतो आणि ६ इंच उरतात, ते पण मधल्या वाटेलाच देऊन टाका. लांबी बघू, १२० इंचातून आडव्या ओट्याचे २४ गेले, आत यायला-जायला ३६ सोडले, राहिले ६०. एका माणसाला २४ इंच रुंदी लागते, म्हणजे दोन मोठी माणसं आणि शेजारी अर्धं, तुमचा बालवाडीवाला. थ्रीडीतली तीन स्टुलं तिथं बसत नाहीत हो, कोपराला कोपर लागेल. पण त्याचं टेन्शन घेऊ नका कारण सकाळी सहा ते नऊ आपल्या घरात सगळी एकदम बसतच नाहीत, पोरं आधी, मग मिस्टर, मग सासूबाई आणि सगळ्यात शेवटी तुम्ही, गार झालेला चहा घेऊन.

आणि खुर्च्यांमागं काय आहे? बारच्या कडेपासून मागं सोफा किंवा भिंत यांच्यात ३६ इंच असतील तर बसलेल्या माणसामागून अंग चोरून जाता येतं, नीट चालत जायचं तर ४४ पाहिजेत. म्हणजे तुमच्या हॉलचे तीन-साडेतीन फूट हा बार खाणार, ते सोफ्याची ऑर्डर द्यायच्या आधी धरा.

अजून एक, गॅससमोर कुणाला बसवू नका. फोडणीचं तेल उडतं हे एक, आणि आपल्याकडं मिरच्या, सुकं खोबरं, कांदा-लसूण चटणी भाजायला घेतली की ओपन किचनमध्ये अख्ख्या हॉलला ठसका बसतो. बसायची जागा शेगडीपासून जितकी लांब जाईल तितकी न्या, आणि चिमणीचा पाइप बाहेर काढलेला असू दे.

ऑर्डर द्यायच्या आधी एक करा. खडूनं फरशीवर बार आखा, खुर्च्या ठेवा, सोफ्याच्या जागी खोकी मांडा आणि आठवडाभर तसंच राहा. उंची कळायला इस्त्रीचं टेबल घ्या, त्याची उंची कमी-जास्त करता येते, ३० ला लावून पोहे खा, ३३ ला लावून खा. घरातली सगळी हसतील पण ज्या उंचीला सासूबाई न सांगता बसतील ती तुमची उंची.

प्रश्न : आमचं घर शिवाजी पेठेत, आज्ज्यानं बांधल्यालं. सैपाकघर आन सोपा यांच्यात दीड फुटाची भित हाय. पोरगं म्हनतंय मधी चार फूट भगदाड पाडून तितं बार करूया, मिस्त्री म्हनतोय दोन दिसांत पाडून देतो. पाडावी का? (एक वाचक, शिवाजी पेठ)

काका, मिस्त्री पाडंल हो, पाडायचं काम सोपंच असतंय. वरचं कोण धरणार हा प्रश्न आहे. दीड फुटाची भिंत म्हणजे ती नुसती आडोसा नाही, वरच्या तुळया, माडी असेल तर माडी, सगळा भार तिच्यावर उतरलेला असतो. जुन्या भिंती मातीत बांधलेल्या असतील तर अजून वेगळं, तुम्ही चार फूट काढायला जाता आणि आजूबाजूची आणखी दोन फूट आपोआप ढिली होतात. स्ट्रक्चरल इंजिनियरला घरी बोलवा, फोटो पाठवून विचारू नका. तो वर काय टेकलंय ते बघेल, लिंटेल (भगदाडावर भार धरायला घालायची आडवी तुळई) केवढं, दोन्ही बाजूला ते किती आत टेकवायचं, पाडताना टेकू कुठं लावायचे, हे कागदावर लिहून देईल. तो कागद हातात आल्याशिवाय मिस्त्रीला पहार लावू देऊ नका. त्याची फी पुढं जाणाऱ्या खर्चाच्या मानानं काहीच नाही. फ्लॅटवाल्यांनी पण हेच, फक्त वरून सोसायटीची परवानगी, आणि कॉलम-बीमला हात अजिबात नाही, साडेचार इंचाची पार्टिशन भिंत असली तरी एकदा विचारून घ्यायचं.

इंजिनियर हो म्हणाला तर तुमची जाड भिंत फायद्याची आहे, खिडकी काढली की खालचा दीड फुटाचा उंबरा म्हणजे तयार फळीच, वर नुसता दगड बसवायचा. पण समोर तोंड करून बसायचं तर गुडघे भिंतीला लागणार, ३६ इंचावर घेतलात तर सोप्याच्या बाजूला दगड १५ इंच बाहेर काढावा लागेल आणि त्याला खालून लोखंडी ब्रॅकेट. नाहीतर बसायचा नादच सोडा, त्या खिडकीतून फक्त ताटं आणि चहा द्या-घ्या, बसायला सोप्यात तुमचा जुना बाकडा असेलच. मला तरी हेच बरं वाटतं. पोराला सांगा बारपेक्षा खिडकी भारी.

प्रश्न : टॉपला काय लावू? मला पांढरा क्वार्ट्झ पाहिजे, मिस्टरांना पांढरा मार्बल, सासरे म्हणतात काळा ग्रॅनाइट लावा आणि गप्प बसा. (एक वाचक, राजारामपुरी)

तुमच्याकडं रविवारी मिसळ होते का? होत असेल तर कटाचा लाल तवंग डोळ्यासमोर आणा आणि मग रंग ठरवा. मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यावर लिंबू पडलं, दही पडलं, चिंचेचं पाणी पडलं की आम्लानं पॉलिश खाल्लं जातं आणि पांढुरका डाग राहतो तो पुसून जात नाही, परत पॉलिशच करावं लागतं. वर हळद आणि मिरचीचं तेल आत शोषलं जातं ते वेगळंच. मिस्टरांचा मार्बल बाद, हॉलमध्ये कुठंतरी लावा.

क्वार्ट्झ डागाला बरा आहे, पण तो सगळा दगड नसतो, दगडाचा चुरा रेझिननं चिकटवलेला असतो, त्यामुळं गॅसवरून उतरवलेली कढई किंवा तापलेला तवा थेट ठेवला तर रेझिन पिवळं पडू शकतं, तडा पण जाऊ शकतो. आडणी ठेवायची शिस्त घरात सगळ्यांना असेल तर घ्या. आमच्या कोल्हापुरी घरातली पुरुष मंडळी आडणी शोधतील यावर माझा विश्वास कमी आहे, माफ करा.

ग्रॅनाइट आम्लाला आणि उष्णतेला दोन्हीला दाद देत नाही, त्यामुळं सासऱ्यांचं बरोबर आहे, फक्त एकदम काळा नको. काळ्या चकचकीत ग्रॅनाइटवर पुसल्यावर पाण्याचे पांढरे ओघळ दिसतात, बोअरचं जड पाणी असेल तर जास्तच, आणि दुपारच्या उन्हात धूळ पण. मधल्या रंगाचा, ठिपक्याठिपक्यांचा घ्या, पिठाचे हात पण दिसत नाहीत आणि कट पण. फिकट रंगाचा घेतलात तर सीलर मारून घ्या.

दगड कुठला हे ठरलं की तो बाहेर किती काढायचा ते विचारा, हे खरं महत्त्वाचं. आपल्याकडं ग्रॅनाइट साधारण १८ मिलिमीटरचा मिळतो, तो आधाराशिवाय ६ इंचापर्यंत बाहेर काढला तर ठीक. गुडघ्यांना लागतात १२ ते १८. म्हणजे खाली आधार पाहिजेच, लोखंडी अँगल किंवा बॉक्स पाइपची फ्रेम, दर दोन फुटाला एक ब्रॅकेट, आणि ती नुसत्या प्लायला स्क्रू मारून नाही तर भिंतीत किंवा जमिनीपासून उभ्या केलेल्या फ्रेमला पक्की. वजन बघा ना, १८ मिलिमीटरचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साडेचार किलोच्या आसपास जातो, ५ बाय २ चा टॉप म्हणजे ४५ किलो, आणि वरून गणपतीत डेकोरेशन करायला कुणीतरी त्याच्यावर उभं राहणारच. कडा गोल घासून घ्या, कोपरे तर नक्कीच, ते पोरांच्या डोक्याच्या उंचीला येतात.

प्रश्न : फिरती, वर-खाली होणारी स्टुलं घेऊ का साधी? (एक वाचक, फुलेवाडी)

घरात लहान पोरं असतील तर फिरती नको, ती स्टूल म्हणून न वापरता चक्री म्हणून वापरतात. साधी, चार पायांची, पाय खाली जरा फाकलेले, पाठ टेकायला थोडीशी जागा. तुमचा टॉप ३३-३४ चा असेल तर रेडिमेडच्या मागं न लागता उद्यमनगरात एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडं बॉक्स पाइपची करून घ्या. जिथं शेताची अवजारं आणि मशीनचे पार्ट होतात तिथं २२ इंचाचं स्टूल काय अवघड आहे, पावडर कोटिंग करा, वर लाकडी नाहीतर रेक्झिनची बैठक. पाय ठेवायची दांडी विसरू नका, बैठकीपासून १६ ते १८ इंच खाली, दांडी नसेल तर पाय लोंबकळून दहा मिनिटांत माणूस उठतो. पायांना खाली रबरी बुच, नाहीतर सकाळी सहाला खरवडल्याचा आवाज खालच्या मजल्यावर.

प्रश्न : आमचं तळमजल्याचं घर आहे, २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळा घरात पाणी होतं. आता परत किचन करतोय, बार करावा का नाही? (एक वाचक, शाहूपुरी)

करा की, पण प्लायशिवाय करा. दुकानदार मरीन प्लाय दाखवेल, आयएस ७१० चा शिक्का दाखवेल, शिक्का खरा असला तर ते रोजच्या ओलीला आणि पावसाळ्याच्या दमट हवेला चांगलं टिकतं, पण पुराच्या गढूळ पाण्यात दिवसेंदिवस उभं राहायची गोष्ट वेगळी, कडेनं आणि स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरतं, गाळ आत बसतो, दारं वाकडी होतात. तुम्ही खालचा आधार विटांचा करून त्यावर टाइल्स लावा नाहीतर स्टेनलेस स्टीलच्या पाइपचे पाय, वर ग्रॅनाइट, बस. पाणी उतरल्यावर पाइप लावून धुतलं की झालं. मागची पॅनेल वगैरे भानगड नको, पोकळ जागेत गाळ साठला की महिनाभर वास जात नाही. स्टूल किंवा खुर्च्या एकात एक बसणाऱ्या घ्या, पंचगंगेची पातळी वाढायला लागली की पटकन माळ्यावर टाकता येतात. आणि बारच्या अंगाला प्लग पॉइंट देऊ नका, जो काय पॉइंट पाहिजे तो भिंतीवर, मागच्या वेळी पाणी जिथपर्यंत आलं होतं ती खूण तुम्हाला माहिती असेलच, त्याच्या वर. खालच्या पॉइंटची लाइन वेगळ्या स्विचवर घेतली तर तेवढीच बंद करता येते, इलेक्ट्रिशियनला आत्ताच सांगून ठेवा.

प्रश्न : भाड्याची खोली आहे आर. के. नगरला, आम्ही दोघंच, टेबलाला जागाच नाही. (एक वाचक)

भिंतीला लावायची फोल्डिंग फळी घ्या, ३६ इंच लांब, १४-१५ इंच रुंद, काम झालं की खाली पाडायची. मालकांना विचारून भोकं पाडा आणि फास्टनर विटेत जाऊ दे, नुसत्या प्लॅस्टरमध्ये बसवलेली फळी एक दिवस चहासकट खाली येते. ३० इंचावर लावा, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या चालतील. खोली सोडताना फळी तुमची, भोकं बुजवून द्यायची.

प्रश्न : लाइट आणि प्लगबद्दल सांगा ना. (दोन-तीन पत्रांत मिळून)

लटकती लाइट टॉपपासून ३० ते ३६ इंच वर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यात बल्ब जायला नको आणि समोरच्याचं तोंड पण दिसायला पाहिजे. लाइट विकत घ्यायच्या आधी वर बघा, फॅन कुठं आहे. फॅनच्या वाऱ्यात लटकती लाइट झोके घेते, या एका कारणानं लोकांनी महागड्या लाइट काढून टाकल्यात. जेवायला पिवळसर उजेड बरा, भाजी चिरायला पांढरा, त्यामुळं ओट्यावरची लाइट वेगळी ठेवा.

प्लगचं म्हणाल तर मोबाईल, लॅपटॉप, टोस्टर याला ६ अँपियर पुरतो, पण बारवर इंडक्शन ठेवून डोसे करायचा विचार असेल तर २००० वॅटची शेगडी पावणेनऊ अँपियर ओढते, तिला १६ चा पॉइंट पाहिजे. तो फरशी फोडायच्या आधी सांगायचा, नंतर पांढरी पट्टी मारून वायर आणावी लागते आणि ती कायम दिसते. सिंकपासून लांब, आणि पोरांचे पाय जिथं हलतात तिथं नको.

प्रश्न : बार केला तर डायनिंग टेबल काढून टाकू का? रविवारी मटणाला दहा माणसं तरी असतात. (एक वाचक, कसबा बावडा)

दहा माणसं आणि बार हे गणितच जमत नाही. तांबडा, पांढरा, सुकं, भाकरी, कांदा, लिंबू, एका माणसापुढं एवढ्या वाट्या येतात आणि बारवर खोली असते फार तर १५-१८ इंच, शिवाय सगळे एका ओळीत बसणार, समोरासमोर कोण नाही, गप्पा काय भिंतीशी मारायच्या? बार पोह्या-चहाचा, पोरांच्या अभ्यासाचा, तुम्ही भाकरी थापताना शेजारीण येऊन टेकते तिचा.

टेबल काढायचंच असेल तर एक मार्ग आहे, बार ३० इंचावर घ्या. मग एक फोल्डिंग टेबल त्याच उंचीचं आणायचं, आठवडाभर ते पलंगामागं उभं, आणि रविवारी बारला टी आकारात जोडायचं, सहा-सात जण आरामात होतात, बाकीची मंडळी खाली चटईवर, तसंही पांढरा रस्सा ओरपायला मांडी घालून बसलेलं बरं. ४२ च्या बारला असं काहीच जोडता येत नाही. फक्त टेबल घ्यायला जाताना बारची उंची टेपनं मोजून लिहून न्या, फरशीपासून ग्रॅनाइटच्या वरच्या कडेपर्यंत, आणि फरशी बदलणार असाल तर नवीन फरशी बसल्यावरच मोजा, जुन्यावर नवीन टाइल्स टाकल्या की अर्धा-पाऊण इंच सहज कमी होतो आणि मग त्या सांध्यावर ठेवलेली रश्श्याची वाटी कलंडते.